स्मशानभूमीत कुत्र्याला प्रवेश असावा काय?

वसंत व्याख्यानमालेत स्मशानाचा विषय काढावा, आणि त्यातही तेथल्या कुत्र्यांचा, हे कित्येकांना अप्रशस्त वाटेल. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न ह्याच दिवसांत अधिक उघडा पडतो. वैशाखात काळी जमीन वीतवीत भेगाळते, नाले कोरडे पडतात, आणि स्मशानातला एखादा हापसा, पिंपळाची सावली व पिंडाचा भात एवढ्या आधारावर गावची बेवारशी कुत्री तेथे मुक्काम ठोकतात. मयतीला गेलेली माणसे त्यांना दगड मारून हाकलतात. माणसे परतली की कुत्रीही परततात. तिसऱ्या दिवशी राख सावडायला निघालेल्या मुलाच्या मनात, तेथे आपल्याला काय पाहावे लागेल, ही धास्ती असते. ती धास्ती आम्हांला फार गंभीर वाटते, आणि तिच्यासाठीच हा विषय आम्ही घेतला आहे.

ह्या प्रश्नावर दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मृताची विटंबना होते, कुत्र्यांना आत येऊच देऊ नये. दुसरा म्हणतो, मुके जनावर आहे, त्यालाही जगण्याचा हक्क आहे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, पण आमच्या मते त्यांच्या बोलण्यात दोन वेगवेगळ्या कुत्र्यांची गल्लत होते. एक कुत्रा आपल्या धन्याच्या तिरडीमागून येतो. दुसरा पोटासाठी तेथे राहतो. पहिल्याचा प्रश्न रीतिभातीचा आहे, दुसऱ्याचा व्यवस्थेचा. दोहोंना एकच उत्तर देऊ गेल्यास दोघांवरही अन्याय होतो.

प्रथम, कुत्रा हा मृत्यूच्या ठिकाणी सर्वस्वी परका आहे काय, ते पाहू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या मार्गाची राखण करणारे चार डोळ्यांचे दोन कुत्रे वर्णिलेले आहेत. सरमेचे पुत्र म्हणून ते ओळखले जातात. श्राद्धाच्या दिवशी गाय व कावळा ह्यांच्याबरोबर कुत्र्याचाही घास काढून ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. उलट, श्राद्धाच्या पंक्तीवर कुत्र्याची दृष्टी पडू नये, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे घास द्यावा पण पंक्तीपासून दूर ठेवावे, अशी ही दुहेरी वृत्ती फार जुनी आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चालत राहिला तो एक कुत्राच; त्याला सोडून स्वर्गात येणार नाही, असा धर्मराजाने हट्ट धरला, आणि तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, असे कथा सांगते.

आपले शेजारी पारशी लोक तर प्रेताला कुत्र्याची दृष्टी मुद्दाम घडवीत आले आहेत. ह्या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असल्यामुळे ‘चार डोळ्यांचा’ मानलेला कुत्रा प्रेतासमोर आणतात. त्याच्या दृष्टीने प्रेतावर झडप घालणारी अमंगल शक्ती दूर होते, अशी श्रद्धा आहे. सन १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलिसांनी बेवारशी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुकाने बंद पडली आणि किल्ल्यातील गोऱ्या लोकांचा अन्नपुरवठा अडला. कुत्र्यांवरून एवढा मोठा दंगा महाराष्ट्रात झालेला आहे, हे आज फार थोड्यांना ठाऊक असते.

मुसलमान समाजात कुत्र्याची लाळ बहुतेक पंथांत अशुद्ध मानतात. त्याच परंपरेत तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याच्या पापांना क्षमा मिळाल्याची कथाही सांगतात, आणि कुराणातील गुहेत झोपी गेलेल्या सत्पुरुषांच्या आख्यानात त्यांचा कुत्रा गुहेच्या तोंडाशी पंजे पसरून बसलेला आहे. एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. यमाचे कुत्रे वाटेवर उभे आहेत, धर्मराजाचा कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत येतो, आणि हा तिसरा गुहेच्या उंबरठ्यावर बसतो. तीन निरनिराळ्या परंपरांनी, निदान आमच्या समजुतीप्रमाणे, कुत्र्याला हाकलले नाही आणि अगदी आतही घेतले नाही. त्याला दाराशी जागा दिली.

आता पहिल्या कुत्र्याकडे, म्हणजे धन्यामागून येणाऱ्याकडे वळू. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी ग्रेफ्रायर्स नावाच्या चर्चच्या दफनभूमीत बॉबी नावाचा एक लहान कुत्रा होता. सन १८५८ मध्ये त्याचा धनी वारला व तेथे पुरला गेला. त्यानंतर १८७२ मध्ये स्वतः मरेपर्यंत बॉबी त्या थडग्यापाशी राहिला, अशी त्याची ख्याती आहे. अलीकडील काही अभ्यासकांनी ह्या कथेतील तपशिलांविषयी शंका घेतल्या आहेत. ते काही असो. १८६७ साली परवाना नसलेली कुत्री मारण्याचा नियम तेथे झाला, तेव्हा शहराच्या नगराध्यक्षांनी बॉबीचा परवाना स्वतःच्या पैशाने काढला व त्याला गळपट्टा दिला. मेल्यावर त्याला दफनभूमीच्या फाटकाजवळ जागा मिळाली. येथेही दारच!

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील काँग्रेशनल सिमेटरीची हकीकत अधिक व्यवहारी आहे. १८०७ सालची ही दफनभूमी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसाड पडली होती. गवत माजले होते, थडगी ढासळली होती. आसपासची माणसे तेथे कुत्री फिरवायला आणू लागली. व्यवस्थापकांनी त्यांना बंदी न करता नियम केले: वार्षिक वर्गणी भरा, कुत्र्याची नोंद करा, घाण उचला, आणि अंत्यविधी चालू असेल तेव्हा दूर राहा. त्या वर्गणीतून आवाराची निगा राखली जाऊ लागली, आणि माणसांची वर्दळ वाढल्याने टवाळांचा उपद्रवही कमी झाला. इंग्लंडात मात्र गावोगावचे नियम वेगवेगळे आहेत: कोठे साखळीने बांधलेल्या कुत्र्याला परवानगी, तर कोठे केवळ अंध माणसाच्या वाटाड्या कुत्र्याला.

आपल्याकडे असा वाद पेटला तो रायगडावर. शिवछत्रपतींच्या समाधीशेजारी ‘वाघ्या’ कुत्र्याचे स्मारक आहे. महाराजांच्या चितेत ह्या कुत्र्याने उडी घेतली, अशी लोककथा आहे. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून १९३६ साली ते स्मारक उभे राहिले. कथेला समकालीन पुरावा नाही, असे सांगून २०१२ साली काही कार्यकर्त्यांनी तो पुतळा उखडला. तो पुन्हा बसविण्यात आला. मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती ह्यांनी स्मारक हटविण्याची मागणी केली आणि वाद पुन्हा उसळला. त्या वादात निवाडा देणे हे येथे आमचे काम नाही. मात्र त्यातून एक बोध घेता येतो. कुत्र्याच्या जागेचा प्रश्न मानापमानाचा झाला, की तो शांतपणे सुटत नाही. गावच्या स्मशानाचे असे होऊ नये, असे वाटत असेल तर आधीच साधा नियम ठरवून ठेवावा.

तो नियम आमच्या मते असा असावा: पाळलेला कुत्रा साखळीला बांधून फाटकापर्यंत येऊ द्यावा, तेथे तिरडी क्षणभर टेकवून त्याला दर्शन घडवावे, आणि पुढचा विधी त्याच्याविना व्हावा. तिरडी वाटेत विसाव्याला टेकवण्याची चाल आपल्यात आहेच. शेतावर दहा वर्षे राखण केलेल्या जनावराला एवढा निरोप नाकारण्यात कोणते पावित्र्य राखले जाते, ते आम्हांस कळत नाही.

आता दुसरा कुत्रा. त्याच्या बाबतीत आमच्या मनात दया आहे, पण मृताच्या नातेवाइकांविषयी अधिक आहे. आपल्या जिल्ह्यात दहन करणाऱ्यांबरोबर दफन करणारेही पुष्कळ आहेत: मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत, गोसावी, तसेच गोंड व कोलाम समाजातील कित्येक घरे. दहन करणाऱ्या घरांतही तान्ही मुले पुरण्याचीच चाल आहे. खड्डा उन्हाळ्यात खणावा तर काळी माती दगडासारखी कठीण होते आणि हातभर खाली मुरूम किंवा पाषाण लागतो. पावसाळ्यात खणावा तर तळाला पाणी भरते. शोकाने व उन्हाने थकलेली माणसे खड्डा उथळ ठेवतात. भेगाळलेल्या मातीतून वास वर येतो, आणि माणसाच्या कैकपटींनी तीक्ष्ण नाक असलेल्या कुत्र्याला तो लांबूनही कळतो. सर्वांत उथळ खड्डा बहुधा सर्वांत लहान मुलाचा असतो, हे सांगताना जीभ अडखळते. पण ते सांगितल्यावाचून ह्या विषयाचे खरे दुःख कळणार नाही.

दहनाचेही तसेच. एका प्रेताला सामान्यतः ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. गरिबाच्या घरी तेवढे जमत नाही, किंवा श्रावणातले लाकूड ओले निघते. कपालक्रिया झाली की माणसे परततात, आणि विझत आलेल्या चितेजवळ कोणीच राहत नाही. पुढे जे घडते त्याचा दोष आपण कुत्र्याला देतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ प्रमाणे, भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा त्या दुखावतील हे जाणून दफनभूमीत अतिक्रमण करणे अथवा प्रेताची अप्रतिष्ठा करणे हा गुन्हा आहे. कुत्र्याला हेतू नसतो व जाणीवही नसते. पण उथळ खड्डा, ओले लाकूड आणि मोडके फाटक ही माणसाच्या हयगयीची फळे आहेत.

आमच्या वाडवडिलांना हे कळत होते. नव्या मातीवर मोठे दगड रचणे आणि बोरी-बाभळीच्या काट्या टाकणे ही जुनी चाल ह्यासाठीच होती. मसणजोगी समाजाची माणसे पिढ्यान्पिढ्या स्मशानाच्या आश्रयाने राहिली. समाजाने त्यांना गावाबाहेर ठेवले आणि ह्या कामाला मान मात्र दिला नाही. आज ती राखण जातीवर लादणे कोणीही मान्य करणार नाही. परंतु ती राखण पगारी नोकरी म्हणून, कोणालाही करता येईल अशी, पुन्हा सुरू करण्यास काय हरकत आहे?

कित्येकजण म्हणतील, एवढे करण्यापेक्षा कुत्री मारून टाका किंवा दूर नेऊन सोडा. कायदा ह्याला आडवा येतो, आणि अनुभवही येतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण करून, त्याला रेबीजची लस टोचून, पूर्वीच्याच ठिकाणी सोडावयाचे असते, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथील कुत्री हलवून पुन्हा तेथे न सोडण्यास सांगितले. त्या यादीत स्मशानभूमीचे नाव नव्हते. अनुभव असा, की खायला मिळत राहिले तर एका टोळीच्या जागी दुसरी येते, आणि तिला लस टोचलेली असेलच असे नाही.

येथे आणखी एक सूचना करणे अवश्य वाटते. स्मशानात कुत्रा चावल्यास अपशकुन मानून घरी बसू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घेण्यास सरकारी रुग्णालय गाठावे. पाश्चरने १८८५ साली ही लस प्रथम माणसाला टोचली, तेव्हापासून हा मृत्यू टाळता येण्याजोगा झाला आहे; लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी वाचत नाही असेच म्हणावे लागते.

मग करावे काय? आमच्या मते कामे मोठी नाहीत. आवाराला भिंत नसेल तर निदान काटेरी तारेचे कुंपण आणि मिटणारे फाटक असावे. पहारी, कुदळी, फावडी पंचायतीत तयार असावीत, आणि आवारात मुरूम व दगड ह्यांचा ढीग कायम असावा. पत्र्याखाली कोरडे लाकूड साठवावे व गरिबाला ते उधारीवर नव्हे, हक्काने मिळावे. पिंडाचे व नैवेद्याचे उरलेले अन्न उघड्यावर न टाकता खड्ड्यात पुरावे. कुत्र्याला घास द्यावयाचा तो फाटकाबाहेर ठरलेल्या जागी द्यावा. चिता पुरती विझेपर्यंत एक माणूस तेथे थांबावा आणि त्याची मजुरी नगरपरिषदेने किंवा पंचायतीने द्यावी. मृतांच्या अंत्यविधीची जागा राखणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य म्हणून १९६५ च्या कायद्यातच घातलेले आहे. तेव्हा हा खर्च म्हणजे कोणावर उपकार नव्हे.

हे सर्व झाले तर कुत्रा आपोआप फाटकाबाहेर राहील, आणि त्याला दगड मारण्याची वेळ येणार नाही. नाहीतर आपण सभांतून भूतदया की पावित्र्य हा वाद घालीत राहू, आणि तिसऱ्या दिवशी राख सावडायला जाणारा मुलगा तीच धास्ती घेऊन घरून निघत राहील. येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गावच्या स्मशानाचे फाटक मिटते की नाही, एवढे एकदा जाऊन पाहावे, इतकीच आमची विनंती आहे.