सायकली, जोडीदार आणि कुत्रा घेऊन धाराशिवला निघताय? मग प्लॅनिंग कुत्र्यापासून सुरू करा

डिसेंबर २०२४. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात वाघ म्हणजे आजोबांच्या गोष्टीतला प्राणी, त्यामुळे आधी कुणाचा विश्वासच बसेना. पट्ट्यांवरून ओळख पटली तेव्हा कळलं, की हा पठ्ठ्या थेट यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून आलाय. साडेचारशे-पाचशे किलोमीटर, तेही चालत. वनविभागानं त्याला पकडून सह्याद्रीत नेऊन सोडायचं ठरवलं, पथकं आली, पण वाघ काही सापडेना. तो आपला धाराशिव आणि बार्शीच्या शिवारात फिरत राहिला, अधूनमधून जनावरं मारत राहिला.

आता याचा सायकल ट्रिपशी काय संबंध?

संबंध असा, की ज्या टेकड्यांवरून हा वाघ फिरला, त्याच टेकड्या हल्ली पुण्या-सोलापूरच्या माउंटन बाइकवाल्यांना खुणावतायत. सह्याद्रीत वीकेंडला पाय ठेवायला जागा नसते. बालाघाटच्या या रांगेत मात्र मुरमाचे रस्ते मोकळे, चढ दमवणारे पण जीवघेणे नाहीत, आणि पुण्याहून अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. म्हणजे शुक्रवारी रात्री सायकली गाडीला बांधायच्या, जोडीदाराला घ्यायचं आणि निघायचं. मागच्या सीटवर कुत्रा हवाच, कारण त्याच्याशिवाय फोटो पूर्ण होत नाही.

इथंच प्लॅन गंडतो. दोघांनी ट्रिपला हो म्हटलेलं असतं. तिसऱ्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि दमल्यावर तो सांगतही नाही. कुत्रा मालकाच्या मागं पडेपर्यंत पळतो. म्हणून महिना, वेळ, रस्ता आणि मुक्काम या चारही गोष्टी त्याच्या अंगाला झेपतील अशाच ठरवाव्या लागतात.

जायचं कधी?

नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. बास.

मार्चपासून ऊन चढायला लागतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचे नर-मादी धबधबे सुरू होतात, सगळं खरं. पण रस्ता सोडून शेताकडं वळलात, की काळी माती चाकाला अशी चिकटते, की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. धबधबा बघायचा असेल तर पावसाळ्यात गाडीनं जा, सायकली घरीच ठेवा.

थंडीतही दुपारचं ऊन हलक्यात घेऊ नका. माणसाला अंगभर घाम येतो आणि घामानं अंग गार होतं. कुत्र्याला तशी सोय नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि त्यातूनच त्याची उष्णता बाहेर पडते. त्याच्या शरीराचं तापमान मुळात ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पळता पळता ते ४१ च्या वर गेलं, तर उष्माघातानं जीव जाऊ शकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापाही नीट टाकता येत नाहीत. त्यांना सायकलच्या मागं पळवणं म्हणजे सरळ क्रूरपणा आहे. हस्कीचंही तेच. बर्फातल्या कुत्र्याला तुळजापूरच्या माळावर पळवून रील चांगलं होईल, कुत्रा बरा राहीलच असं नाही.

डांबरी रस्ता तापलाय का, हे बघायची साधी युक्ती आहे. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा. ठेवता आली नाही, तर कुत्र्याच्या पंजांनाही तो रस्ता चालणार नाही. पहाटे निघायचं आणि साडेनऊ-दहाच्या आत सावली गाठायची. दुपारी कुणीच सायकल चालवायची नाही. दुसरी फेरी साडेचारनंतर.

वयाचाही मुद्दा आहे. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातींची हाडं भरायला सव्वा-दीड वर्ष लागतं. त्याआधी सायकलसोबत पळवलं, तर सांधे कायमचे बिघडू शकतात. वय झालेलं असलं तरी सवय आधी घरी लावायची, एक-दोन किलोमीटरपासून, ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगानं. गळ्यातला पट्टा हँडलला बांधायचा नाही. छातीवरचा हार्नेस वापरायचा.

अभयारण्यात कुत्रा नेला तर काय बिघडतं?

येडशीचं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. आत रामलिंगाचं देवस्थान आहे, भाविकांची ये-जा असते, श्रावणात तर गर्दी होते. त्यामुळे जंगलही सगळ्यांना खुलं आहे असं वाटतं. तसं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय फिरता येत नाही, आणि पाळीव कुत्र्याला तर आत नेऊच देत नाहीत. मंदिराच्या वाटेवरून सायकल आडवाटेला घालायची असेल, तर आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारायचं.

बऱ्याच जणांना वाटतं, की कुत्रा हरणांच्या मागं लागेल म्हणून हा नियम. ते आहेच, पण मोठी भीती रोगाची. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यांनाही होतो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या जंगलात २३ सिंह मेले, तेव्हा तपासणीत याच विषाणूचं नाव पुढं आलं. शेकडो किलोमीटर चालून आलेल्या एकुलत्या एका वाघाला कुणाच्या लाडक्या कुत्र्याकडून आजार लागणं कुणालाच परवडणारं नाही.

उलट बाजूही आहे. बिबट्यासाठी कुत्रा हे सगळ्यात सोपं भक्ष्य. बालाघाटच्या डोंगरात बिबटे आहेत. दिवस मावळला, की कुत्रा मोकळा सोडायचा नाही आणि रात्री त्याला तंबूबाहेर बांधून ठेवायचं नाही. महाराष्ट्रात दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव वाघ्या असतं. नाव वाघ्या असल्यानं खऱ्या वाघापुढं काही फरक पडत नाही.

मग सायकल चालवायची कुठं? अभयारण्याबाहेर भरपूर जागा आहे. धाराशिव शहराजवळच्या हातलादेवीच्या डोंगराचा परिसर, लेण्यांकडं जाणारी वाट, तुळजापूर ते नळदुर्ग पट्ट्यातले माळ. भूम, वाशीकडच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि त्यांच्या अजस्र पात्यांसाठी केलेले मुरमाचे रस्ते सायकलला झकास. फक्त ते कंपनीचे किंवा शेतकऱ्याच्या जागेतले असू शकतात. तिथल्या माणसाला विचारून पुढं जावं. ‘दादा, इकडनं जाऊ का?’ एवढं पुरतं. बहुतेक वेळा रस्ता तर मिळतोच, वर चहाही मिळतो.

सराटे, कुसळं आणि तार

बाहेरून येणारे सगळी तयारी करतात आणि सराट्याला विसरतात. माळावर जमिनीलगत पसरणारी ही वेल, तिचं फळ वाळलं की त्याला टणक काटे येतात. ते टायरमध्ये घुसतात, तसेच कुत्र्याच्या पंजातही. सोबतीला वेड्या बाभळीचे काटे आहेतच. टायर ट्यूबलेस करून आत सीलंट भरलेलं असेल तर निम्मी डोकेदुखी जाते. नाहीतर दोघांत मिळून किमान चार ट्यूब हव्यात. गावात पंक्चरवाला मिळतो, पण माउंटन बाइकच्या मापाची ट्यूब त्याच्याकडं असेलच असं नाही.

कुसळं त्याहून वाईट. पावसाळा संपला की गवत वाळतं आणि त्याची टोकदार कुसळं कपड्यात, मोज्यात अडकतात. माणूस ती ओढून काढतो. कुत्र्याच्या केसात अडकलेलं कुसळ मात्र आत आत सरकतं, कानात जातं, बोटांच्या बेचक्यातून कातडीखाली शिरतं आणि तिथं पू होतो. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटं काढून कान, काखा आणि बोटांच्या मधली जागा तपासायची. त्याच वेळी गोचीड दिसली तर तीही काढायची. गोचिडीतून होणारा ताप कुत्र्याला महिनाभर झोपवतो, कधी कधी जीवही घेतो.

आणि शेतात कुत्रा सोडायचाच नाही. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत वीज सोडली जाते. बेकायदा आहे, पण सोडतात. फवारणी झालेली असते. मेंढपाळांचे वाडे बसलेले असतात आणि त्यांचे कुत्रे पाहुण्या कुत्र्याचं स्वागत दातांनी करतात. मेंढरं दिसली की सायकलवरून उतरा, आपला कुत्रा जवळ घ्या आणि वळसा घालून जा. रेबीजची लस घेतलेली नसेल तर हा प्रवासच रद्द करायला हवा. लसीकरणाचं कार्ड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, मूळ प्रत गाडीत.

दोघं एकदम सायकलवर? विसरा

जोडीनं ट्रिप काढणाऱ्यांची इथंच भांडणं होतात. कल्पना अशी असते, की दोघं शेजारी शेजारी सायकल चालवतील आणि कुत्रा मध्ये पळेल. प्रत्यक्षात उताराला सायकलचा वेग पंचवीसच्या वर जातो आणि कुत्रा मागं राहतो, नाहीतर चाकाखाली येतो.

त्यापेक्षा आळीपाळीनं चालवावं. पहाटे एकानं पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारायची, दुसऱ्यानं तेवढ्या वेळात कुत्र्याला पायी फिरवायचं आणि गाडी ठरलेल्या ठिकाणी न्यायची. संध्याकाळी अदलाबदल. एकत्र जायचं ते फक्त सपाटीवरच्या तीन-चार किलोमीटरच्या तुकड्यावर, कुत्र्याच्या वेगानं. कोण कोणत्या दिवशी थांबणार हे घरीच ठरवून घ्या. डोंगराच्या पायथ्याशी ठरवायला गेलं की ज्याची सायकल महाग, तो आधी निघतो.

थांबलेल्यानं कुत्र्याला बंद गाडीत ठेवून ‘जरा देवीचं दर्शन घेऊन येतो’ म्हणायचं नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकतं, काच थोडी खाली ठेवली तरी. तुळजाभवानीच्या रांगेत किती वेळ जाईल, हे कुणी सांगू शकत नाही. दर्शनही आळीपाळीनंच.

देवाचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत. नळदुर्ग आणि शेजारचं अणदूर ही खंडोबाची गावं. दोन गावं, दोन देवळं आणि मूर्ती एकच. ती ठरल्या काळात एका गावातून दुसऱ्या गावात जाते. खंडोबाच्या सोबत घोडा आणि कुत्रा असतोच. परंडा तालुक्यातलं सोनारी भैरवनाथाचं, आणि भैरवाचं वाहनही कुत्राच. म्हणजे या जिल्ह्यात कुत्र्याला मान जुना आहे. देवळात नेता येईल असा मात्र त्याचा अर्थ नाही.

यात्रेच्या तारखा टाळा. पौष पौर्णिमेला नळदुर्गात खंडोबाची यात्रा भरते. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरकडं लाखो लोक पायी येतात आणि कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. एवढ्या गर्दीत आणि हलग्यांच्या आवाजात कुत्रा बुजून पळाला, तर सापडणं अवघड. पट्ट्याला मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला हवाच.

जायचं कसं, राहायचं कुठं?

कार सगळ्यात सोयीची. सायकलींचा रॅक डिकीवर लावला, की नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, ते बघा. झाकले तर दंड होऊ शकतो. कुत्र्याला निघण्याआधी तीन-चार तास जेवण नाही, दर दोन तासांनी पाणी आणि पाच मिनिटं पाय मोकळे. रात्रीचा प्रवास टाळलेला बरा. थंडी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात आणि अंधारात ते अगदी जवळ गेल्यावरच दिसतात.

रेल्वेनं जायचं तर कुत्रा फक्त फर्स्ट एसीत चालतो, तोही अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर. एसी टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातला पिंजरा. बुकिंग पार्सल ऑफिसमधून करावं लागतं. अनोळखी पिंजऱ्यात रात्रभर एकटा राहणारा कुत्रा सकाळी सायकलमागं पळण्याच्या मनःस्थितीत नसतो.

मुक्कामासाठी तुळजापुरात लॉज आणि भक्तनिवास भरपूर आहेत, पण ती भाविकांसाठीची गावची व्यवस्था. तिथं कुत्रा चालत नाही आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. शहराबाहेरचं ढाब्याला लागून असलेलं लॉजिंग किंवा ओळखीतल्या कुणाचं शेतावरचं घर बरं पडतं. फोनवर ‘पेट चालेल का’ असं मोघम विचारू नका. कुत्रा केवढा आहे, कोणत्या जातीचा आहे, झोपणार कुठं, हे सांगून टाका. अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही, तरी देवस्थानाच्या गावात प्रश्न विचारले जातात. दोघांची ओळखपत्रं हाताशी ठेवा आणि खोलीचं आधीच पक्कं करा.

निघण्याआधी फोनमध्ये दोन नंबर हवेत. एक तुमच्या नेहमीच्या पशुवैद्याचा, दुसरा १९६२. हा पशुधनासाठीच्या फिरत्या दवाखान्यांचा टोल फ्री क्रमांक. ही सेवा मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, पण जवळचा सरकारी दवाखाना कुठं आहे हे तिथून कळू शकतं. कुत्रा लडखडायला लागला, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट आली, की फोनआधी त्याला सावलीत घ्या. पोट, काखा आणि पंजांवर साधं गार पाणी ओता, वारा घाला. बर्फ नको. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. अंग गार व्हायला लागलं की मग गाडी काढा.

यासाठी गाडीत पिण्याच्या पाण्याशिवाय वीस लिटरचा एक वेगळा जार हवा. त्यातून सायकली धुवायच्या नाहीत.