बशीतल्या दोन स्प्रिंगा
1961 साली जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्यापुढे एका कारखान्याची अडचण आली. छोट्या स्विचमध्ये दोन बटणांखाली दोन स्प्रिंगा बसवायच्या; कामगार कधीतरी एखादी विसरायचा आणि तसाच स्विच ग्राहकाकडे जायचा. तंबी देऊन उपयोग नव्हता. शिंगोंनी पद्धतच बदलली : मोठ्या डब्यातून आधी दोन स्प्रिंगा बशीत काढायच्या, मगच बसवायच्या. बशीत एक उरली, की चूक जागच्या जागी कळते. खर्च जवळजवळ शून्य! सुधारणेचा उपाय असाच, काम करणाऱ्याच्या हाताशी शोधावा, असं मला ठामपणे वाटतं. तो आधी एकाच टेबलावर चालवून पाहावा, कामगारांच्या तक्रारी ऐकून दुरुस्त करावा, मग सगळीकडे लागू करावा. घाईच्या दिवसांत जुनी सवय डोकं वर काढते. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रोज पाहणी हवीच.