मार्को स्त्रोप्पा : वादकाच्या लयीने चालणारे यंत्र

व्हेरोना येथे १९५९ साली जन्मलेले इटालियन संगीतरचनाकार मार्को स्त्रोप्पा यांनी पियानो, समूहगायन, रचनाशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचे रीतसर शिक्षण व्हेरोना, मिलान व व्हेनिस येथे घेतले. परंतु त्यांच्या कारकिर्दीला वळण मिळाले ते १९८०पासून पादुआ विद्यापीठाच्या संगणकीय ध्वनिसंशोधन केंद्रात केलेल्या कामामुळे. तेथेच १९८२ ते १९८४ या काळात पियानो आणि संगणकनिर्मित ध्वनी यांच्यासाठी लिहिलेली ‘त्रायेत्तोरिया’ ही तीन भागांची रचना आकाराला आली.

या रचनेतील संगणकाचे ध्वनी कोणत्याही वाद्यावरून मुद्रित केलेले नसून संश्लेषणाने, म्हणजे लहरींचे घटक गणिताने जुळवून, घडवलेले आहेत. त्यांतील काही ध्वनी पियानोखाली ठेवलेल्या ध्वनिक्षेपकातून बाहेर पडतात. पियानोची पट्टी आवाज न करता दाबून धरली की त्या तारेवरील दाब सुटतो आणि जवळ उमटलेल्या जुळत्या स्वराने ती तार, सतारीच्या तरफेप्रमाणे, आपोआप झंकारते. पियानोच्या या अनुनादात संगणकाचा ध्वनी मिसळला की कोणता ध्वनी तारेचा आणि कोणता यंत्राचा, हे कानाला सांगता येईनासे होते. ‘त्रायेत्तोरिया’ची थोरवी या एकजीवपणात आहे, कारण तोवरच्या कितीतरी संमिश्र रचनांत वाद्य आणि ध्वनिफीत शेजारी शेजारी राहूनही परकीच राहत असत.

याच सुमारास फ्रेंच संगीतरचनाकार पिएर बुलेझ यांनी त्यांना पॅरिसच्या ‘इर्काम’ या संगीत-संशोधन संस्थेत बोलावले. १९८४ ते १९८६ या काळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्र, बोधात्मक मानसशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा अभ्यास करून परतल्यावर स्त्रोप्पा यांनी ‘इर्काम’मधील संगीत-संशोधन विभागाचे नेतृत्व केले. १९९९पासून ते जर्मनीतील श्टुटगार्टच्या संगीतविद्यालयात रचना शिकवू लागले.

वाद्य आणि यंत्र यांचे ध्वनी असे एकजीव झाले, तरीही एक अडचण उरलीच होती. आधी तयार केलेली ध्वनिफीत कोणासाठी थांबत नाही. वादकाने क्षणभर अधिक श्वास घेतला तरी ती पुढे निघून जाते, आणि त्यामुळे साथ वादकाला होण्याऐवजी वादकालाच फितीची साथ करावी लागते. २००७ साली अल्टो सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्यासाठी लिहिलेल्या ‘ऑफ सायलेन्स’ या रचनेच्या निमित्ताने संशोधक आर्शिया कोंत यांनी ‘अँटेस्कोफो’ ही संगणकप्रणाली विकसित केली. ती वादन ऐकते, लिखित स्वरलिपीत वादक नेमका कोठे पोहोचला आहे हे ओळखते, त्याची लय अजमावते आणि त्या बेताने आपले ध्वनी सोडते. याच रचनेत सभागृहाच्या भिंतींवरील ध्वनिक्षेपकांऐवजी अनेक ध्वनिक्षेपक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून एकावर एक रचलेला स्तंभ रंगमंचावर उभा असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक ध्वनीलाही वादकासारखी स्वतःची जागा लाभते. ‘टोटेम’ म्हणून ओळखला जाणारा हा स्तंभ पुढे ‘कम प्ले विथ मी’ या रचनेत थेट वाद्यवृंदासमोर एकल वादकासारखा उभा राहिला.

अर्रीगो बोइतो यांच्या काव्यकथेवर आधारित ‘रे ओर्सो’ हा त्यांचा ऑपेरा २०१२ साली पॅरिसच्या ओपेरा-कोमिक येथे प्रथम सादर झाला. परंतु या संगीताशी ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या श्रोत्याने आरंभ ‘त्रायेत्तोरिया’नेच करावा, पियानोवादक पिएर-लोराँ एमार यांनी वाजवलेले तिचे ध्वनिमुद्रण त्यासाठी उत्तम आहे.