टाइलच्या मागची भिंत

बाथरूम नवं करायचं ठरलं की घरातले सगळे आधी टाइलच्या दुकानात जातात. रंग, चकाकी, बॉर्डर यांच्या चर्चेत संध्याकाळी जातात. गीझर कुठे टांगायचा, बेसिन कोणत्या भिंतीवर, वयस्कर माणसाने उठताना कशाला धरायचं, हे प्रश्न टाइल बसून गेल्यावर निघतात. मग कारागीर ड्रिल मशीन घेऊन येतो, चकचकीत भिंतीवर खूण करतो आणि विचारतो, "इथे चालेल ना?" आपण टाइलकडे बघून "हो" म्हणतो. वजन पेलायचं असतं ते टाइलच्या मागच्या भिंतीने, आणि ती भिंत कसली आहे हे त्या घडीला दोघांनाही ठाऊक नसतं.

एक हिशेब मांडून पाहू. भिंतीवरची टाइल साधारण ८ मिलिमीटर जाड. ती सिमेंटच्या मालावर बसवली असेल, तर तिच्यामागे १५ ते २० मिलिमीटर माल आणि त्यामागे १२ ते १५ मिलिमीटर गिलावा. म्हणजे वीट किंवा ब्लॉक सुरू होण्याआधीच ३५ ते ४३ मिलिमीटर संपले. अशा भिंतीत दीड इंची, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटरची, स्क्रू धरणारी गिट्टी ठोकली, तर ती जवळपास सगळी टाइल, माल आणि गिलावा यांच्यातच राहते. विटेला तिचा झालाच तर जेमतेम स्पर्श होतो. साबणदाणी अशा गिट्टीवर वर्षानुवर्षं टिकते, आणि त्यामुळेच आपला गैरसमज होतो की गीझरही टिकेल. २५ लिटरच्या गीझरमध्ये पाण्याचंच वजन २५ किलो, वर टाकीचं वेगळं. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातला जो-तो अभ्यंगस्नानाला बसतो, तो बहुधा त्या वजनाच्या खालीच.

जुन्या घरांत हा प्रश्न असा उभाच राहत नव्हता. न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब जमिनीवर असायचा, हंडा चुलीवर. भिंतीवर वजन म्हणावं असं काही नव्हतं. जे लागायचं ते भिंत चढतानाच तिच्यात घेतलं जाई : दिव्याला, उटण्याच्या वाटीला कोनाडा, धोतर-लुगड्याला खुंटी, फळी हवी तर बांधकामातच दडपलेला कडप्पा. चाळीतल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीलाही शहाबादी फरशी आणि गुडघाभर कठडा एवढंच लागायचं. कोकणात जांभ्याचे चिरे. हा दगड सच्छिद्र. खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो. त्यात आज ड्रिल घातलं तर भोकाच्या कडा ढासळतात आणि गिट्टी फिरत राहते. चिऱ्याच्या घरात नवं बाथरूम करणाऱ्यांचा हा नेहमीचा अनुभव आहे.

भिंत बांधून झाल्यावर तिच्यावर काही टांगायचं, ही गरज मुख्यतः वीज आणि नळ घरात आल्यावर वाढली. सुतार भिंतीत भोक पाडून लाकडी गुटका ठोकायचा आणि त्यात खिळा किंवा स्क्रू. ओल्या भिंतीत लाकूड फुगतं, सुकतं, पुन्हा फुगतं आणि अखेर कुजतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची नासधूस न करता विजेची उपकरणं बसवायची होती. त्या निमित्ताने जॉन रॉलिंग्ज या ठेकेदाराने तागाच्या धाग्यांपासून केलेला प्लग काढला, हे १९११च्या सुमाराचं. आपले इलेक्ट्रिशियन आजही 'रावल प्लग' मागतात. पुढे १९५८मध्ये जर्मनीत आर्टूर फिशर यांनी नायलॉनचा प्लग केला. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गिट्ट्यांचं मूळ तिथे आहे.

या गिट्टीचं काम कसं चालतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. स्क्रू आत शिरला की गिट्टी फाकते आणि भोकाच्या कडांना बाहेर रेटते. त्या दाबाने जे घर्षण तयार होतं, तेच वजन धरून ठेवतं. म्हणजे कड टणक असेल तरच गिट्टीचा उपयोग. काँक्रीटमध्ये आणि पक्क्या भाजलेल्या विटेत ती घट्ट बसते. कड भुसभुशीत असली, तर गिट्टी जितकी फाकेल तितका तिच्याभोवतीचा पदार्थच चुरडतो.

नेमकी अशीच भिंत आता शहरोशहरी आहे. आपले गवंडी ज्याला सिपोरेक्स म्हणतात तो हलका ब्लॉक. १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये योहान आक्सेल एरिक्सन यांनी तो शोधला. सिमेंट, चुना, वाळू किंवा फ्लाय ॲश यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घातली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, मिश्रण फुगतं, आणि मग ते दाबाच्या वाफेत शिजवून पक्कं करतात. पुण्यात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगसमूहाने १९७०च्या दशकात त्याचं उत्पादन सुरू केलं. एका घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, म्हणजे विटेच्या सुमारे एकतृतीयांश वजन. इमारतीच्या सांगाड्यावरचा भार कमी होतो, उष्णताही कमी येते. हा ब्लॉक वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. पण त्याची दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ३ ते ५ न्यूटन, आणि एम-२५ काँक्रीटची २५. विटेसाठी शिकलेली सवय इथे लावली तर वस्तू पडणारच. सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर बंद करून भोक पाडावं लागतं. त्याच्यासाठी वेगळ्या, रुंद आट्यांच्या गिट्ट्या मिळतात. जड वस्तूला केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट लागतो, किंवा बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन मागे लोखंडी पट्टी द्यावी लागते. सगळ्यात उत्तम म्हणजे भिंत चढत असतानाच गीझरच्या आणि बेसिनच्या उंचीवर काँक्रीटचा पट्टा टाकणे. बांधकाम चालू असताना त्याला फार खर्च येत नाही. टाइल बसल्यावर हाच पट्टा घालायचा तर सगळी भिंत फोडावी लागेल.

नव्या टॉवरमध्ये मात्र 'मायवान' पद्धतीची, ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली काँक्रीटची भिंत असते. ती अँकर उत्तम धरते. तिच्यात नळासाठी खाच मात्र पाडू नये, कारण आत सळ्या आहेत आणि ती भिंत इमारतीचाच भार वाहते आहे.

भार किती, हा प्रश्न नुसत्या वजनाचा नाही. बेसिनचं उदाहरण घ्या. त्याची पुढची कड भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर आणि बोल्ट खालच्या टेकूपासून १५ सेंटिमीटर वर आहेत असं धरू. दात घासताना एखाद्याने पुढच्या कडेवर ६० किलोचा भार टाकला, तर तरफेच्या नियमाने बोल्टांवर त्याच्या तिप्पट, म्हणजे १८० किलोची ओढ येते. दोन बोल्ट म्हणजे प्रत्येकी ९० किलो, तेही भिंतीतून बाहेर उपटणारे. बेसिनचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. भिंतीवरच्या कमोडचं गणित याहून कठोर. युरोपीय मानकात त्याची चाचणी ४०० किलोच्या भाराने करतात. म्हणून त्याच्यासाठी लोखंडी फ्रेम येते, तिचे पाय जमिनीवर टेकतात आणि भार खाली उतरतो. ते पाय स्लॅबवर किंवा भक्कम काँक्रीटवर हवेत. बाथरूमसाठी खाली घेतलेल्या सनकन स्लॅबमधल्या विटांच्या तुकड्यांच्या भरावावर ते टेकवले, तर फ्रेमचा हेतूच संपतो. साडेचार इंची भिंतीत नुसते दोन बोल्ट मारून कमोड लटकवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं.

भोकातून शिरणाऱ्या पाण्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. भिंतीच्या टाइलचा चकाकता थर फक्त वरच्या बाजूला असतो. खालचं अंग भाजलेल्या मातीचं, आणि बहुतेक वॉल टाइलमध्ये ते स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पितं. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. शॉवरखालच्या भिंतीत पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाण्याला आत वाट मिळते. ती ओल पलीकडच्या बेडरूममध्ये किंवा खालच्या मजल्यावर उतरते आणि सोसायटीत भांडणं होतात. स्क्रू घालण्याआधी भोकात सिलिकॉन भरणं हे मिनिटभराचं काम आहे. त्याऐवजी वरून पांढरं सिमेंट फासलं तर ते लवकरच तडकतं. समुद्रकाठच्या गावांत स्क्रूही स्टेनलेस स्टीलचेच, शक्यतो ३१६ प्रतीचे घ्यावेत. साधे लोखंडी गंजून फुगतात आणि टाइलला आतून फोडतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. ओल्या फरशीवर पाय सरकला की माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि आपल्या बाथरूममध्ये हाताला लागतो तो टॉवेल रॉड. तो दोन-चार बारीक स्क्रूंवर असतो, ओला टॉवेल पेलण्याएवढा. पडणाऱ्या माणसाला तो थांबवत नाही, उलट भिंतीतून सुटून त्याच्यासोबत खाली येतो. अमेरिकेतल्या मानकानुसार बाथरूममधल्या आधारदांड्याने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलोचा भार सोसायला हवा. तिथल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत मराठी मुलं आईवडिलांसाठी दांडा बसवतात, तेव्हा साधारण सोळा-सोळा इंचांवर असलेले आतले उभे लाकडी खांब हुडकून त्यांतच स्क्रू घालावे लागतात. त्या खांबांवरचा बोर्ड नुसता पडदा असतो. आपल्याकडे टाइललाही तोच न्याय लावला पाहिजे. रबरी वाटीने चिकटणारे दांडे बाजारात मिळतात. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाच्या घरात ते आणूच नयेत. त्यांची पकड कधी सुटली ते धरल्याशिवाय कळत नाही.

घर नव्याने करत असाल, तर टाइल लागण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावूनच. पाइप आणि वायर कुठून गेल्या ते पुढे ड्रिल करताना त्यातच सापडेल. आजी-आजोबा आज घरात नसले तरी कमोडच्या बाजूला आणि शॉवरपाशी काँक्रीटचा पट्टा टाकून ठेवा.

टाइल आधीच बसलेली असेल, तर खुणेच्या जागी बोटाच्या पेराने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर तिच्यामागे माल पूर्ण भरलेला नाही, गवंड्याने गोळे ठेवून ती चिकटवली आहे. तिथे ती तडकेल, जागा बदला. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवून टाइलच्या बिटने भोक पाडायला सांगा आणि बाहेर येणारी भुकटी पाहा. आधी पांढुरका किंवा मातकट टाइलचा चुरा, मग करडा माल, त्यानंतर लाल आली तर वीट, पांढरी आणि हलकी आली तर सिपोरेक्स, आणि बिट अडखळत जाऊन करडीच येत राहिली तर काँक्रीट. अँकरची लांबी तिथून पुढे मोजायची. केमिकल अँकर असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत त्याला हात लावू नका. मग घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने बसवलेला आधारदांडा दोन्ही हातांनी जोर लावून खाली आणि स्वतःकडे ओढून पाहावा. तो जरासा जरी हलला, तर कारागीर घरात आहे तोवर पुन्हा बसवून घ्यावा.