आजोबांचा रंधा आणि निळं पडलेलं पातं

आज कोड नाही, लाकूड.

आमच्या माळ्यावर आजोबांचा रंधा वीसेक वर्षं पडून होता. ते सुतारकाम करायचे. रंधा ज्यांनी फक्त रील्समध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी ठोकळा, खाचेत तिरकं बसवलेलं पोलादी पातं आणि ते घट्ट धरणारी पाचर. तीन पार्ट, एकही स्क्रू नाही.

पाचर पकडीने ओढू नका. ठोकळ्याच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने हलके ठोके द्या, ती सैल होते. पातं गंजलेलं होतं, म्हणून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं. त्यातलं अ‍ॅसिड गंजाबरोबर चांगलं पोलादही हळूहळू खातं, तेव्हा बुडवून विसरू नका. सकाळी घासलं, खायच्या सोड्याच्या पाण्यात खंगाळलं, लगेच पुसून शिलाई मशीनचं तेल लावलं. ‘लगेच’वर जोर आहे, ओलं पातं बघता बघता पुन्हा नारिंगी होतं.

इथपर्यंत मस्त. मग मी शहाणपणा केला.

धारेला खांडे पडले होते. मित्राकडे बेंच ग्राइंडर होता, म्हटलं दोन मिनिटांचं काम. काही सेकंदांत टोक निळं!

झालं काय, तर पात्याला लोहाराने पाणी दिलेलं असतं. म्हणजे आधी कडक करून मग बेताने तापवलेलं. म्हणून ते काचेसारखं फुटत नाही आणि धारही धरतं. साधं पोलाद पुन्हा तापलं की रंग बदलतं: साधारण २२० अंश सेल्सिअसला गवती पिवळं, ३०० च्या आसपास निळं. निळं म्हणजे पाणी उतरलं. तेवढा भाग मऊ, कितीही पाजवा, लगेच बोथट. रंग पॉलिश पेपरने जातो, मऊपणा जात नाही. इथे अनडू नाही.

तेवढा भाग झिजवून टाकणं एवढंच हातात होतं. ३ मिलिमीटर गेले. ऐकायला कमी वाटतं, पण आजोबांनी पाजवून पाजवून पातं आधीच आखूड केलं होतं. आईने ते हातात घेऊन पाहिलं, काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

पुढचं सगळं हाताने. धारेच्या दगडावर पाणी टाकत आधी पाठ सपाट केली, मग २५ अंशांचा उतार, पलीकडे बोटाला बारीक खरखरीत कड लागेपर्यंत. ती कड चामड्यावर ओढून काढली.

तळ काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासला. आधी तळावर पेन्सिलच्या रेघा मारल्या, जिथे पुसल्या जात नाहीत तिथे खोलगट. पाचर ठोकलेलीच ठेवा, नाहीतर ती बसल्यावर ठोकळा किंचित फाकतो आणि मेहनत वाया. पातं मात्र आत ओढून घ्या.

वरच्या बाजूला पेपर लावलाच नाही. तिथे आजोबांच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे. फक्त जवसाचं तेल चोळलं. त्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा.

पहिली ढलपी एका बाजूला जाड निघाली. पात्याला डावीकडून एक टिचकी दिली. दुसरी सरळ निघाली आणि आईने उचलून वास घेतला.