नोव्हेंबरातच मारली मार्चची बाजी

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा सगळा गाजावाजा मार्च महिन्याचा असतो. ६८ संघांची बाद फेरी, धक्कादायक निकाल आणि देशभर डोक्याला डोकं लावून मांडलेले अंदाज, सगळं तेव्हाच. पण २०२४-२५च्या हंगामात साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, मार्चची पायाभरणी नोव्हेंबरातच करून टाकली. बहामातलं रिसॉर्ट, हवाईतलं छोटंसं सभागृह, लास वेगासचा झगमगाट, जिथे जिथे सुरुवातीच्या स्पर्धा होत्या तिथे एसईसीचे संघ पोचले आणि अनेक ठिकाणांहून करंडक घेऊनच परतले. त्या मोहिमेतल्या या चटकदार गोष्टी.

फुटबॉलवेड्यांचा गट

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांमध्ये विभागलेले असतात. एसईसी १९३२ साली स्थापन झाली. अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी, लुइझियाना हा सगळा पट्टा अमेरिकन फुटबॉलचा. इथे बास्केटबॉल म्हटलं की वर्षानुवर्षं एकच नाव पुढे यायचं, ते आठ वेळा राष्ट्रीय विजेतं ठरलेल्या केंटकीचं. २०१६ साली तर अख्ख्या गटातून फक्त ३ संघ मार्चच्या स्पर्धेत पोचले होते. त्याच वर्षी कमिशनर ग्रेग सँकी यांनी बिग ईस्ट या बास्केटबॉलसाठी नावाजलेल्या गटाचे माजी कमिशनर माइक ट्रँगीझी यांना सल्लागार म्हणून आणलं. चांगले कोच नेमा, तगड्या संघांशी खेळा, हा धडा गटाने मनावर घेतला. २०२४च्या जुलैत टेक्सास आणि ओक्लाहोमा दाखल झाले आणि संघांची संख्या १६ झाली.

तीन सामन्यांची चंगळ

नोव्हेंबरात एवढ्या स्पर्धा का? कारण नियमातच होतं. त्या हंगामात संघाला नियमित २८ सामने खेळता येत होते, पण एखाद्या बहुसंघीय स्पर्धेत उतरलं तर आणखी ३ सामने पदरात पडायचे. साहजिकच बहुतेक संघ एखादी स्पर्धा गाठायचे. शिवाय सामने तटस्थ कोर्टवर होतात, त्यामुळे घरच्या प्रेक्षकांची साथ कुणालाच नसते. संघ किती पाण्यात आहे ते तिथे लगेच कळतं.

भांडले, परतले, जिंकले

ऑबर्नची सुरुवात विमानातच वादळी झाली. ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्याला निघालेल्या संघातले खेळाडू उड्डाणानंतर आपसात भिडले आणि वैमानिकाने विमान माघारी वळवलं. संघ पुन्हा निघाला आणि ९ नोव्हेंबरला ह्यूस्टनला त्यांच्याच शहरात ७४-६९ असं हरवून आला. एवढ्या लवकर एवढा मोठा विजय क्वचितच कुणाच्या नावावर लागतो.

माउईतला शेवटचा सेकंद

सुरुवातीच्या स्पर्धांमध्ये सर्वांत मानाची माउई इन्व्हिटेशनल. तिचं मूळ एका अफलातून निकालात आहे. २३ डिसेंबर १९८२ रोजी होनोलुलूतल्या चामिनाड या चिमुकल्या कॉलेजाने राल्फ सॅम्पसनच्या अव्वल क्रमांकाच्या व्हर्जिनियाला ७७-७२ असं लोळवलं. त्या गाजलेल्या विजयातून कल्पना सुचली आणि १९८४ पासून स्पर्धा सुरू झाली. ती भरते लहायना सिव्हिक सेंटरमध्ये. जेमतेम २,४०० प्रेक्षकांची जागा, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूंचं आपसातलं बोलणंही ऐकू येतं. ऑगस्ट २०२३च्या भीषण वणव्यात लहायना गाव होरपळलं, त्या वर्षी स्पर्धा होनोलुलूला हलवावी लागली. २०२४ मध्ये ती पुन्हा लहायनात परतली, ही गावासाठी फार मोठी गोष्ट होती.

त्या पुनरागमनाला साजेसा सामना पहिल्याच दिवशी झाला. चौथ्या क्रमांकाचं ऑबर्न पाचव्या क्रमांकाच्या आयोवा स्टेटपुढे तब्बल १८ गुणांनी मागे पडलं होतं. दुसऱ्या सत्रात एकेक गुण भरून काढत त्यांनी ८१-८१ अशी बरोबरी गाठली. शेवटच्या हल्ल्यात चेंडू रिंगवरून उसळला. गर्दीतून जोनी ब्रूमचा हात वर गेला, त्याने चेंडू न पकडताच बोटांनी आत ढकलला तेव्हा घड्याळात जेमतेम सेकंदभर वेळ उरला होता. ८३-८१! पुढे नॉर्थ कॅरोलायना आणि अंतिम सामन्यात मेम्फिस (९०-७६) यांनाही गारद करून ऑबर्नने करंडक उचलला. ब्रूम स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्याच स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता यूकॉन तिन्ही सामने हरला. नोव्हेंबर कुणाचीच भीडभाड ठेवत नाही, हे यातून कळतं.

बॉलरूममध्ये बास्केटबॉल

बहामातल्या पॅराडाइज आयलंडवरची ‘बॅटल फोर अटलांटिस’ ही स्पर्धा चक्क रिसॉर्टच्या बॉलरूममध्ये भरते. एरवी जिथे समारंभ आणि मेजवान्या होतात, तिथे कोर्ट अंथरायचं, बास्केट उभ्या करायच्या, आणि खेळ सुरू. २०२४ मध्ये ही स्पर्धा एसईसीत नव्यानेच आलेल्या ओक्लाहोमाने जिंकली. वाटेत त्यांनी ॲरिझोनाला घरी पाठवलं आणि अंतिम सामन्यात लुईव्हिलला ६९-६४ असं नमवलं. नव्या गटातली पहिलीच कमाई घसघशीत होती.

बहामातच, दुसऱ्या एका रिसॉर्टवर, टेनेसीने अंतिम सामन्यात बेलरला ७७-६२ असं हरवून आणखी एक करंडक गटाच्या खात्यात टाकला. तिथेच जॉर्जियाने कोच रिक पिटिनो यांच्या सेंट जॉन्सवर ६६-६३ अशी मात केली.

हरले, पण झुंजून

करंडक प्रत्येक ठिकाणी मिळाला नाही, तरी संघ शेवटच्या दिवसापर्यंत टिकून राहिले. लास वेगासमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच भरलेल्या ‘प्लेयर्स एरा’ स्पर्धेची वेगळीच चर्चा होती: सहभागी प्रत्येक संघाच्या खेळाडूंसाठी किमान १० लाख डॉलरच्या कमाईची हमी. कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेतून पैसे मिळवायची मुभा २०२१ पासून मिळाली, त्याचा हा थेट परिणाम. तिथे अलाबामाने ह्यूस्टनला जादा वेळेत ८५-८० असं हरवलं, पण अंतिम सामना ओरेगॉनने ८३-८१ असा खेचून नेला. सॅन डिएगोत ओल मिसला पर्ड्यूने अवघ्या दोन गुणांनी अडवलं. चार्ल्सटनमध्ये व्हँडरबिल्टने अंतिम फेरी गाठली, तिथे ड्रेक भारी पडलं.

आणि फ्लोरिडा? ते आपल्याच राज्यात, डिस्नीच्या क्रीडासंकुलात खेळत होते. अंतिम सामन्यात विचिटा स्टेटचा ८८-५१ असा फडशा पडला. तेव्हा या निकालाकडे फारसं कुणी वळूनही पाहिलं नाही.

दोन दिवसांत १४-२

डिसेंबरच्या ३ आणि ४ तारखेला एसईसी आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) समोरासमोर आले. आदल्या वर्षी हा मुकाबला ७-७ असा सुटला होता. या वेळी १६ पैकी १४ सामने एसईसीने मारले. एसीसीची लाज राखली ती फक्त ड्यूकने (ऑबर्नविरुद्ध ८४-७८) आणि क्लेमसनने (केंटकीविरुद्ध ७०-६६).

खरी गंमत गणितात

गटाबाहेरच्या सगळ्या सामन्यांचा हिशेब: १८५ विजय, २३ पराभव. म्हणजे जवळपास ८९ टक्के.

आता जानेवारीपासून काय होतं ते पाहा. प्रत्येक संघ गटातल्याच संघांशी १८ सामने खेळतो. १६ संघांचे मिळून १४४ सामने, म्हणजे १४४ विजय आणि १४४ पराभव. गट कितीही बलाढ्य असो, हिशेब पन्नास टक्क्यांवरच थांबतो. पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, वाढत नाहीत. कमाई होते ती नोव्हेंबर-डिसेंबरात, बाहेरच्यांकडून. मार्चची निवड करताना समिती ‘नेट’ नावाच्या क्रमवारीचा आधार घेते आणि त्यात कुणाला हरवलं, कुठे हरवलं याला वजन असतं. सुरुवातीला गटाने पत कमावली की नंतर गटातल्या कुणाकडूनही झालेला पराभव माफक महाग पडतो आणि विजय भरघोस मोल देतो.

पुरावा हवा? ओक्लाहोमा गटाबाहेर १३-० होतं, गटात मात्र ६-१२. टेक्सासही गटात ६-१२. तरीही दोघांना मार्चचं तिकीट मिळालं. अर्कान्सासने गटातले पहिले पाचही सामने गमावले होते, तेही आत आले आणि कॅन्सस व सेंट जॉन्सला हरवून अंतिम सोळांत पोचले.

१६ पैकी १४

मार्च २०२५च्या स्पर्धेत एसईसीचे १४ संघ निवडले गेले. फक्त एलएसयू आणि साउथ कॅरोलायना बाहेर राहिले. आधीचा विक्रम २०११ मध्ये बिग ईस्टने केलेला ११ संघांचा. डिसेंबरात १४-२ असा मार खाल्लेल्या एसीसीला मिळाल्या अवघ्या ४ जागा. अंतिम १६ संघांत एसईसीचे ७, हाही विक्रमच. अंतिम चारमध्ये ऑबर्न आणि फ्लोरिडा.

ह्यूस्टनचा काटा

ह्यूस्टनने त्या हंगामात ३५ सामने जिंकले आणि फक्त ५ गमावले. त्या पाचपैकी तीन एसईसीने दिलेले: नोव्हेंबरात ऑबर्न, नोव्हेंबरातच अलाबामा आणि ७ एप्रिलला सॅन अँटोनियोतल्या अंतिम सामन्यात फ्लोरिडा. त्या रात्री फ्लोरिडा १२ गुणांनी मागे होतं. त्यांच्या वॉल्टर क्लेटन ज्युनियरला पहिल्या सत्रात एकही गुण मिळाला नव्हता. शेवटच्या क्षणी फ्लोरिडाकडे ६५-६३ अशी आघाडी होती आणि चेंडू ह्यूस्टनकडे. इमॅन्युएल शार्पने तीन गुणांच्या फेकीसाठी उडी घेतली, तेवढ्यात क्लेटन झेपावत अंगावर आला. फेक अडणार हे दिसताच शार्पने हवेतच चेंडू सोडून दिला. आता त्याला स्वतःला चेंडूला हात लावता येत नव्हता, लावला तर नियमभंग. चेंडू टप्पे घेत राहिला, फ्लोरिडाच्या ॲलेक्स कॉन्डनने त्यावर झडप घातली आणि वेळ संपली. फ्लोरिडा २०१२ नंतरचा एसईसीचा पहिला राष्ट्रीय विजेता ठरला.

पुढच्या नोव्हेंबरात काय पाहाल?

गुणतक्ता उघडलात तर आधी एकच गोष्ट शोधा: तटस्थ कोर्टवर कोणत्या गटाने कोणत्या गटाला किती वेळा हरवलं. हवाई, बहामा, वेगास, ऑरलँडो अशा ठिकाणचे निकाल एका कागदावर गटवार मांडा. मार्चमध्ये कुणाला भरभरून जागा मिळणार आणि कोण दारात ताटकळणार, याचा मोठा अंदाज डिसेंबर संपायच्या आत तुमच्या हातात असेल.