ओटीपी कोणाला सांगू नका... मग वाचून कोण देणार?



सायबर सुरक्षेचा पाठ आपण सगळेच घेतो. फळ्यावरचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं, ‘ओटीपी कोणालाही सांगू नका.’ मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात हे वाक्य लिहिलं आणि एका मुलीनं हात वर केला. “सर, मंग माह्या बाबाले कोण सांगन?”

तिचे बाबा पूर्ण अंध आहेत. मूर्तिजापूर स्टेशनवर फुटाणे-शेंगदाणे विकतात. गिऱ्हाईक आता क्यूआर कोडवर पैसे टाकतं, म्हणून मोबाईल आला, आणि ओटीपी वाचायचं काम या नऊ वर्षांच्या मुलीकडे आलं. नंतर बाबा भेटले तेव्हा हसून म्हणाले, “सर, पासवर्ड माहा, पन मालूम साऱ्याईले. पोरगी शाळेत असली का दुकानदाराले मोबाईल द्या लागते.”

मी निरुत्तर झालो. आपण ज्याला निष्काळजीपणा म्हणतो, तो या माणसासाठी एकुलता एक रस्ता होता. कुलूप असं बनवलंय की किल्ली दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय ते उघडतच नाही.

थोडं नीट पाहू. कॅप्चामधली वाकडी अक्षरं माणूस आणि यंत्र यांत फरक करायला असतात. अंध माणसाचा मोबाईल पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, पण चित्रातली अक्षरं त्याला वाचता येऊ नयेत हाच तर कॅप्चाचा हेतू! आवाजाचा पर्याय असला तरी तो बहुतेक वेळा इंग्रजीत आणि खरखरीत असतो. कर्णबधिर व्यक्तीला फोनवर येणारा ओटीपी निरुपयोगी. हात थरथरणाऱ्याला वेळ पुरत नाही, तोवर ओटीपीची मुदत संपते. वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला सहा आकडे एका पडद्यावरून दुसऱ्यावर क्रमानं नेणंच अवघड. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातले २१ प्रकार आपण प्रशिक्षणात पाठ केले, पण त्यातल्या प्रत्येकाला मोबाईलचं कुलूप कुठे अडतं, हे काही कोणी शिकवलं नाही.

हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला. बँकेच्या डिजिटल केवायसीत ‘डोळ्यांची उघडझाप करा’ असं सांगतात, ते त्यांना शक्य नव्हतं. दुसरे याचिकाकर्ते अमर जैन, स्वतः अंध वकील. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठानं निकाल दिला की डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जीवनाच्या हक्काचाच भाग आहे. सोबत २० निर्देश दिले. उघडझापेला पर्याय हवा, अंगठ्याचा ठसा चालला पाहिजे, कागदावरची केवायसी चालू राहिली पाहिजे, आणि सेवा तपासताना अंध व्यक्तींना सामील करून घ्यावं, हे त्यातलेच काही. पालकहो, मुलाच्या खात्याचं काम अडलं तर हा निकाल तारखेसह सांगा. तोंडी बोलण्यापेक्षा लेखी अर्जात लिहिलेलं बरं.

आता आपल्या हातातलं. अँड्रॉइड मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’खाली टॉकबॅक असतं, फुकट. ते सुरू केलं की बोट जिथे टेकेल तिथलं नाव मोबाईल बोलतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. मराठी आवाजही बसवता येतो. पहिले काही दिवस मात्र वैताग येतो, तो मलाही आला. सुरक्षेसाठी सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे इअरफोन. नाहीतर मोबाईल ओटीपी मोठ्यानं वाचणार आणि अख्खा प्लॅटफॉर्म ऐकणार! नव्या टॉकबॅकमध्ये पडदा काळा करायचीही सोय आहे, म्हणजे शेजारचा माणूस डोकावला तरी त्याला काही दिसत नाही.

मदतीला कोणी लागतच असेल तर तो एकच, ठरलेला माणूस असावा. ‘मी लांबूनच करून देतो, हे ॲप टाका’ म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं, कारण त्या ॲपमधून आपला पडदा त्याला दिसतो.

फुटाणेवाल्या बाबांना टॉकबॅक शिकायला तीन रविवार लागले. आकडे दाबताना अजून चुकतात, पण पिन बदलली आणि ती मुलीलाही सांगितली नाही. मुलीला याचा थोडा रागच आलाय.

फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करायचा, जितक्या लवकर तक्रार तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त. कर्णबधिर व्यक्तीला हा फोन जमणार नाही. त्यांच्यासाठी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर लेखी तक्रार करता येते. तुमच्या वर्गात असं मूल किंवा असा पालक असेल, तर ती तक्रार कशी भरायची ते त्यांना आत्ताच, काही घडायच्या आधी, पडद्यावर दाखवून ठेवा.